पोलिसांस हांक मारावी कशी?

राज्यव्यवस्था चांगली कीं वाईट हें ओळखण्याच्या अनेक कसोट्या राजनीतिज्ञांनीं सांगितल्या आहेत. परंतु आमच्या मतें त्यांतील सर्वांत सोपी कसोटी अशी कीं, मध्यरात्रीं दारावर दगड पडूं लागले असतां त्या घरांतील माणूस प्रथम कोणास हांक मारतो, हें पाहावें. तो पोलिसांस हांक मारील तर त्या देशांत कायद्याचें राज्य आहे. तो भावकीस, एखाद्या पुढाऱ्यास किंवा गल्लींतील दांडग्यास हांक मारील, तर कायदा पुस्तकांत आहे आणि राज्य दुसऱ्याच कोणाचें तरी आहे, असें खुशाल समजावें. ही कसोटी पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांस लावून पाहण्याचें आम्हीं आज योजिलें आहे. येथें जें दिसतें तेंच महाराष्ट्रांतील बहुतेक सुखवस्तु तालुक्यांत दिसेल, म्हणून हा विषय केवळ स्थानिक आहे असें कोणीं समजूं नये.

हे दोन तालुके कांहीं आडरानांत नाहींत. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचें पाणी आलें आणि या कोरडवाहू मुलखाचें रूप पालटलें. ऊस आला, गुळाची पेठ आली, माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें साखर कारखाने झाले. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगानें वालचंदनगर वसलें, बारामतीस औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८० सालीं पुरें झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा इंदूरापासून नव्हे, तर इंदापूरच्या शिवारापासूनच भिगवणपर्यंत पसरला, आणि पुणें–सोलापूर हमरस्ता याच तालुक्यांतून अहोरात्र वाहतो आहे. जेथें पैसा येतो तेथें परकीं माणसें येतात, देवघेव वाढते, जमिनीचे भाव चढतात आणि तंटेही वाढतात. दर गळीत हंगामांत बीड व इतर जिल्ह्यांतून ऊसतोडणीस येणारीं कुटुंबें फडाशेजारीं पालांत राहतात. त्यांस येथें ना भावकी, ना ओळख. अशा मुलखांत पोलिसांची गरज पूर्वींपेक्षां अधिक आहे, हें वेगळें सांगावयास नको.

कागदावर पाहूं गेल्यास तरतूद तोकडी नाहीं. बारामती तालुक्यांत बारामती शहर, बारामती तालुका, माळेगांव, सुपें आणि वडगांव निंबाळकर, तर इंदापूर तालुक्यांत इंदापूर, भिगवण व वालचंदनगर, अशीं पोलीसठाणीं आहेत. हीं सर्व पुणें ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारांत मोडतात. अधीक्षकांची कचेरी पुण्यास असली तरी अपर अधीक्षक बारामतीस असतात. परंतु आपलें गांव यांपैकीं कोणत्या ठाण्याच्या हद्दींत येतें, हें गांवांतील किती जणांस सांगतां येईल? तालुका एक आणि ठाणीं अनेक, असा हा प्रकार असल्यामुळें फिर्याद घेऊन निघालेल्या माणसास पुष्कळदा पहिलें उत्तर मिळतें तें हेंच कीं, ‘ही आमची हद्द नव्हे.’ एसटीचें भाडें खर्चून व दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस दुसऱ्या ठाण्याकडे जातोच असें नाहीं. बहुधा तो घरीं जातो.

ही भीति किंवा ही उदासीनता कोठून आली, याचा थोडा इतिहास पाहणें अवश्य आहे. इंग्रजी अंमलापूर्वीं गांवची राखण गांवाकडे होती. पाटलाच्या हुकमतीखालीं रामोशी किंवा जागल्या राखण करी. चोरी झाल्यास चोराचा माग शिवेपर्यंत काढून पुढच्या गांवाच्या हवालीं करावयाचा, आणि तो न काढतां आल्यास नुकसानीची जोखीम अंगावर घ्यावयाची, असा परिपाठ होता. ती व्यवस्था निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. जातीची उतरंड तिच्या हाडींमांसीं खिळलेली होती. परंतु राखणदार गांवास जबाबदार होता, हा तिचा विशेष विसरतां येत नाहीं. तो परिपाठ मोडला, रामोश्यांचे हक्क बुडाले, उमाजी नाइकांचें बंड झालें आणि १८३२ सालीं त्यांस पुण्यास फांशी दिलें गेलें. पुढें १८६१ चा पोलीस कायदा व मुंबई इलाख्यापुरता १८९० चा जिल्हा पोलीस कायदा असे कायदे झाले. त्यांच्या बुडाशीं आयर्लंडांतील सशस्त्र पोलिसांचा कित्ता होता. म्हणजे जित लोकांस धाकांत ठेवण्यासाठीं जी फौज निर्माण केली, तिचीच नक्कल येथें आली. ही फौज कलेक्टरास जबाबदार होती, प्रजेस नव्हे. लॉर्ड कर्झन यांनीं १९०२ सालीं नेमलेल्या फ्रेझर कमिशननें हें पोलीसखातें अकार्यक्षम, लांचखाऊ व जुलमी असल्याचा निर्वाळा दिला. परकीय सरकारच्याच मंडळीनें दिलेला हा निर्वाळा आहे. कोणा चळवळ्याचा नव्हे.

१९४७ सालीं राज्य आपलें झालें. १९५१ सालीं मुंबई पोलीस कायदा झाला, तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून चालतो. १९६२ च्या कायद्यानें वतनी पाटिलकी गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानें नेमणुकीचा पोलीस पाटील आला. कायदे पालटले, गणवेश पालटला, ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हें ब्रीदही आलें. पण ठाण्याच्या पायरीशीं उभ्या असलेल्या माणसाच्या मनांतील धास्ती मात्र वारसाहक्कानें उतरत आली. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोर्टाच्या पायरीआधीं पोलीसठाण्याची पायरी लागते, आणि लोकांनीं ती म्हण तेथेंच लागू करून टाकली आहे.

या धास्तीचा फायदा ज्याला होतो तो मनुष्य आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. तो कोणत्याही एका पक्षाचा नाहीं, सर्व पक्षांत आहे. ठाण्यांत ‘आपलें वजन आहे’ असें तो चारचौघांत सांगतो. कोणाची मोटारसायकल चोरीस जावो, कोणाच्या बांधावरून मारामारी होवो, कोणाच्या मुलीस त्रास होवो, फिर्यादी आधीं त्याच्याकडे जातो आणि मग त्याच्या मागून ठाण्यांत शिरतो. काम झालें तर उपकार त्याचे. न झालें तर दोष पोलिसांचा. या उपकाराची फेड कधीं मतांत, कधीं पैशांत आणि कधीं गप्प बसण्यांत करावी लागते. जो हक्क कायद्यानें फुकट दिला आहे, तो अशा रीतीनें उसनवारीनें विकत घ्यावा लागावा, यापरती नामुष्कीची गोष्ट स्वराज्यांत दुसरी कोणती? या मध्यस्थाचें भांडवल एकच आहे, तें म्हणजे लोकांचें अज्ञान. तें भांडवल बुडविण्याचा मार्गही एकच आहे. कायदा काय सांगतो, तें प्रत्येकानें जाणून घ्यावें.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आली आहे. तिच्या १७३ व्या कलमांत आमच्या विषयाचें सारें मर्म आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याच्या अंमलदारास देतां येते. अर्थात् ‘आमची हद्द नव्हे’ या उत्तरास आतां कायद्याचा आधार उरलेला नाहीं. खबर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठविणें हें पोलिसांचें काम आहे, फिर्यादीचें नव्हे. खबर तोंडीं देतां येते. ती लिहून घेऊन वाचून दाखविली पाहिजे आणि मग तीवर सही घेतली पाहिजे. ती इलेक्ट्रॉनिक साधनानेंही धाडतां येते. मात्र तीन दिवसांच्या आंत तीवर सही केली पाहिजे. नोंदलेल्या खबरीची नक्कल फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे. तपास कोठपर्यंत आला हें फिर्यादीस किंवा पीडितास नव्वद दिवसांच्या आंत कळविणें, हेंही १९३ व्या कलमानें पोलिसांवर बंधनकारक केलें आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविलीच पाहिजे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें ललिताकुमारीच्या खटल्यांत १२ नोव्हेंबर २०१३ रोजींच दिला होता. तीन वर्षें किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र उपअधीक्षकाच्या परवानगीनें चौदा दिवसांच्या आंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा नवीन कायद्यानें ठेवली आहे. ही मुभा चौकशीसाठीं आहे, चालढकलीसाठीं नव्हे, हें अंमलदारांनीं ध्यानांत ठेवावें.

एवढा स्पष्ट कायदा असतां फिर्याद अडते ती कशी? तिला नाकारीत कोणी नाहीं. तिचें रूप पालटतात. चोरीस गेलेला मोबाईल ‘गहाळ झाला’ असें लिहून घ्यावयाचें, मारहाण झाली असतां ती ‘अदखलपात्र’ म्हणून नोंदून घ्यावयाची, किंवा नुसता अर्ज घेऊन ‘चौकशी करतों’ असें सांगावयाचें, या त्या युक्त्या होत. हा दोष एखाद्या ठाण्याचा नव्हे. ज्या खात्यांत गुन्ह्यांचा आंकडा कमी दिसणें हीच शाबासकीची बाब मानली जाते, त्या सर्व खात्याचा तो दोष आहे. आमच्या व्यापारी व शेतकरी वाचकांनीं येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. पांच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीचा गुन्हा नवीन संहितेच्या परिशिष्टांत अदखलपात्र ठरविला आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटाच्या हुकमावांचून पोलीस त्याचा तपास करूं शकत नाहींत. विहिरीवरील मोटारीची केबल कापून नेली, तर तिची किंमत ‘असेल दोनचार हजार’ असें बेफिकिरीनें सांगणारा शेतकरी स्वतःच्याच हातानें आपली फिर्याद पांगळी करतो. खरेदीची पावती जपून ठेवावी, किंमत खरी आणि पुरी सांगावी, आणि आपली नोंद दखलपात्र झाली कीं अदखलपात्र हें सहीपूर्वीं वाचून पाहावें.

इतकें करूनही ठाण्यांत दाद न लागल्यास पुढचा मार्ग पुढाऱ्याच्या वाड्याकडे जात नाहीं. त्याच १७३ व्या कलमाप्रमाणें खबरीचा मजकूर लिहून तो टपालानें पोलीस अधीक्षकांस पाठवावा. अधीक्षकांनींही लक्ष न पुरविल्यास मॅजिस्ट्रेटाकडे अर्ज करावा. पोचपावतीचें टपाल करण्यास जो अल्प खर्च येतो, तेवढ्यांत पुराव्याचा असा कागद हातीं येतो कीं, ज्याची बरोबरी दहा शिफारशींस यावयाची नाहीं. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनाविरुद्ध तक्रार प्राधिकरण असावें असें सर्वोच्च न्यायालयानें प्रकाशसिंग यांच्या खटल्यांत २००६ सालीं सांगितलें. महाराष्ट्रानें २०१४ सालीं आपल्या पोलीस अधिनियमांत दुरुस्ती करून राज्य व विभाग अशा दोन्ही पातळ्यांवर त्याची तरतूद केली. ठाण्यांत कॅमेरे बसवावेत असा त्याच न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा हुकूम आहे. सबब ‘ठाण्यांत जें घडलें त्यास साक्षीदार नव्हता’ अशी सबबही आतां कोणास चालवितां येणार नाहीं.

परंतु कायदा जाणणाऱ्याची ही कथा झाली. ज्यांस अक्षरओळख नाहीं, ज्यांच्या पाठीशीं कोणी नाहीं, त्यांची काय वाट? १८७१ पासून एकेका प्रांतांत लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें पारध्यांसारख्या अनेक जमातींस जन्मतःच चोर ठरविलें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण गांवांत चोरी झाली कीं संशयाचें पहिलें बोट आजही पालाकडेच जातें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची ही रीत आपण पोलिसांच्या माथीं मारून मोकळे होतों. वस्तुतः ते बोट दाखविणारे आपणच असतों. अशा वस्तींतील बाईवर अन्याय झाला, तर ती ठाण्याची वाट धरील कशी? पोलीस तेथें आजवर आले ते पकडावयास; विचारपूस करावयास नव्हे. तिच्यासाठीं कायद्यानें कांहीं कुंपणें घातलीं आहेत, तीं सर्वांस ठाऊक असावींत. बलात्कारासारख्या ठराविक गुन्ह्यांची पीडित स्त्रीनें दिलेली खबर स्त्री-अधिकाऱ्यानेंच लिहून घेतली पाहिजे, आणि ती नोंदविण्यांत कसूर करणाऱ्या सरकारी नोकरास भारतीय न्याय संहितेच्या १९९ व्या कलमाप्रमाणें सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चवथ्या कलमांतही कर्तव्यांत जाणूनबुजून हयगय करणाऱ्या नोकरास शिक्षा सांगितली आहे. तपासासाठीं साक्ष विचारावयाची असल्यास स्त्रीस, साठ वर्षांवरील वृद्धास, अपंगास किंवा अत्यवस्थ रोग्यास ठाण्यांत बोलावितां येत नाहीं. पोलिसांनींच त्यांच्या घरीं गेलें पाहिजे, असें १७९ वें कलम सांगतें.

आतां प्रत्यक्ष हांक मारण्याच्या साधनांविषयीं. महाराष्ट्रांत २०२१ पासून ११२ हा एकच आंकडा फिरविला असतां पोलिसांची मदत मागतां येते. ही हांक प्रथम नवी मुंबई किंवा नागपूर येथील केंद्रांत पोंचते, तेथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षास व गस्तीच्या गाडीस कळविलें जातें. ही सोय उत्तम आहे, यांत शंका नाहीं. परंतु हांक घेणाऱ्यास आपलें शिवार पाठ नसतें, हें हांक मारणाऱ्यानें ओळखावें. नुसतें ‘लोणी’ म्हटल्यास लोणी भापकर बारामती तालुक्यांत, लोणी देवकर इंदापूर तालुक्यांत आणि लोणी काळभोर व लोणी कंद हवेलींत. ‘वडगांव’ म्हटल्यास निंबाळकरांचें कीं मावळचें? ‘सुपें’ म्हटल्यास बारामतीचें कीं पारनेरचें? ‘माळेगांव’ शब्द कानीं पडतांच ऐकणाऱ्याच्या मनांत नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव उभें राहणें अशक्य नाहीं. म्हणून जिल्हा, तालुका, गांव, वस्ती आणि जवळची खूण, या क्रमानें पत्ता सांगण्याची संवय प्रत्येक घरांत मुलाबाळांस लावावी. व्यापाऱ्यांनीं आणखी एक आंकडा गल्ल्यावर लिहून ठेवावा, तो १९३० हा होय. मोबाईलवरून पैशांची लुबाडणूक झाली असतां पैसे पुढच्या खात्यांतून निसटण्यापूर्वीं ते अडविण्याचा हा मार्ग आहे. येथें घटकेचा विलंब म्हणजे रकमेवर पाणी सोडणें होय. लाजेनें दोन दिवस गप्प बसणारा व्यापारी चोरास आयताच दोन दिवसांचा अवधि देतो.

साधन असून भागत नाहीं, तें वेळीं हाताशीं असावें लागतें. २१ मे २०२४ रोजीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यांत उजनीच्या पाण्यांत उलटली आणि सहा माणसें प्राणास मुकलीं. त्या बोटींत एक पोलीस अधिकारीही होते. ते पोहून कांठास लागले व त्यांच्यामुळें अपघाताची बातमी लोकांस कळली. एक कांठ सोलापूर जिल्ह्याचा, दुसरा पुणें जिल्ह्याचा आणि मध्यें अफाट पाणी, अशा ठिकाणीं रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांची हांक ऐकण्याची नित्याची व्यवस्था काय, हा प्रश्न त्या सहा जिवांनीं आपल्यापुढें ठेवला आहे.

पोलिसांची बाजू न मांडतां लेख संपविणें न्यायाचें होणार नाहीं. सण, जत्रा, निवडणुका, पालखी आणि पुढाऱ्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तांत शिपायाचा दिवस कधीं सुरू होतो व कधीं संपतो, यास धरबंध नाहीं. रात्रभर हमरस्त्यावर उभा राहिलेला शिपाई सकाळीं फिर्यादीशीं गोड बोलेल, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास धरून नाहीं. त्यांतच कोणी गंमत म्हणून ११२ फिरवितो, कोणी बांधाच्या दिवाणी तंट्यास चोरीचें रूप देतो, कोणी सूड म्हणून खोटी फिर्याद करतो. खोट्या हांकेमागें गेलेली गाडी खऱ्या हांकेच्या वेळीं दूर असते, हें या लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. लोकांनीं पोलिसांकडून न्यायाची अपेक्षा करावी आणि स्वतः मात्र खोटेपणा करावा, हें जमावयाचें नाहीं.

तेव्हां आमच्या सूचना अगदीं थोड्या आणि अल्पखर्चाच्या आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आपलें ठाणें कोणतें, त्याचा दूरध्वनि कोणता आणि ११२ व १९३० हे आंकडे कशासाठीं, हें ठळक मराठींत लिहावें. प्रत्येक ठाण्याच्या दारांत १७३ व्या कलमाचा सारांश वाचतां येईल अशा अक्षरांत लावावा. आलेल्या प्रत्येक माणसास, मग त्याचा मजकूर दखलपात्र असो वा नसो, तारखेसह नोंदीचा आंकडा लिहून द्यावा. गळीत हंगामाच्या आरंभीं ठाणें-अंमलदारांनीं ऊसतोड्यांच्या पालांवर व पारधी वस्त्यांवर एकदा तरी नुसतें बोलावयास जावें. बरोबर स्त्री-अंमलदार असावी. बारामती व इंदापूर येथील व्यापारी मंडळांनीं व वकील मंडळींनीं आठवड्यांतून एक दिवस गरिबांच्या फिर्यादी लिहून देण्याचें काम पत्करावें. मध्यस्थाचा धंदा बसविण्यास एवढें पुरें आहे.

पोलीस आपले आहेत असें म्हणण्याचा हक्क आपल्यास १९४७ सालीं मिळाला. ते तसे आहेत कीं नाहींत, हें रोज ठाण्याच्या पायरीवर ठरत असतें. पायरीच्या आंतील माणसानें उठून विचारावें, ‘काय झालें?’ आणि बाहेरच्यानें कोणाचीही चिठ्ठी न आणतां सरळ उत्तर द्यावें. एवढें झालें म्हणजे फ्रेझर कमिशनच्या निर्वाळ्यास आपण खरें उत्तर दिलें असें होईल. तोंवर चिठ्ठी मागणारे अंमलदार आणि चिठ्ठी आणणारे नागरिक, दोघेही त्या जुन्याच राज्याचे रहिवासी आहेत.